विश्लेषण: ऑनलाइन पोकर खेळून घर चालवता येतं का? कायदा, कर आणि गणित काय सांगतं

ना बोरिवलीहून चर्चगेटची लोकल, ना अंधेरीच्या पुलावरची गर्दी. घरातल्या घरात लॅपटॉप, दोन स्क्रीन, रात्री नऊनंतर कामाला सुरुवात आणि महिन्याला आयटीतल्या पगाराइतकी कमाई. गेल्या सात-आठ वर्षांत 'प्रोफेशनल ऑनलाइन पोकर प्लेअर' या करिअरचं चित्र असं रंगवलं गेलं. इंजिनीअरिंगच्या हॉस्टेलपासून कांदिवली-मुलुंडच्या सोसायट्यांपर्यंत अनेकांनी ते गांभीर्याने घेतलं. काहींनी नोकरी सोडली, काहींनी नोकरी शोधायचीच थांबवली.

ऑगस्ट २०२५मध्ये केंद्राच्या नव्या कायद्याने हे चित्र एका आठवड्यात पुसून टाकलं. तरी प्रश्न संपलेला नाही. 'परदेशी साइटवर चालतं', 'गोव्यात तर कायदेशीर आहे', 'खेळणाऱ्याला शिक्षा नाहीच' असे सल्ले अजून फिरत आहेत. म्हणून दोन गोष्टी समजून घ्यायला हव्यात. आज कायद्याने नेमकं काय बंद आहे? आणि सगळं सुरू होतं तेव्हा तरी हा व्यवसाय खरोखर पोट भरणारा होता का?

नवा कायदा काय म्हणतो?

ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन आणि नियमन विधेयक २० ऑगस्ट २०२५ रोजी लोकसभेत आणि २१ ऑगस्टला राज्यसभेत मंजूर झालं. २२ ऑगस्टला राष्ट्रपतींनी त्यावर स्वाक्षरी केली. या कायद्यात ऑनलाइन खेळांचे तीन गट आहेत: ई-स्पोर्ट्स, ऑनलाइन सोशल गेम्स आणि ऑनलाइन मनी गेम्स. पहिल्या दोन गटांना परवानगी आहे, तिसऱ्यावर बंदी.

मनी गेम कोणता? पैसे जिंकण्याच्या अपेक्षेने फी भरून, पैसे जमा करून किंवा अन्य काही पणाला लावून खेळला जाणारा ऑनलाइन खेळ. तो कौशल्याचा आहे, नशिबाचा आहे की दोन्हींचा, याने काही फरक पडत नाही. पोकर याच व्याख्येत येतो.

असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पैशांचे व्यवहार करून देणाऱ्यांनाही तीन वर्षं आणि एक कोटीची तरतूद लागू आहे. नुसतं खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही. सरकारने त्याला गुन्हेगार नव्हे, पीडित मानलं आहे. सुमारे ४५ कोटी लोक अशा खेळांत दरवर्षी जवळपास २० हजार कोटी रुपये गमावतात, असा सरकारी अंदाज विधेयक मांडताना देण्यात आला होता.

'पोकर हा कौशल्याचा खेळ' या युक्तिवादाचं काय झालं?

हा वाद जुना आहे. आपल्याकडे १८८७चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा चालत आला आहे आणि त्याच्या कलम १३मध्ये निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट आहे. १९६८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ असल्याचं म्हटलं. ऑनलाइन कंपन्यांचा सगळा डोलारा या एका शब्दावर, 'कौशल्या'वर उभा राहिला.

पोकरबाबत राज्याराज्यांत एकमत कधीच नव्हतं. पश्चिम बंगालच्या कायद्याने पोकरला जुगारातून वगळलं. नागालँडने २०१६मध्ये त्याला कौशल्याच्या खेळांच्या यादीत घातलं. गुजरात उच्च न्यायालयाने मात्र २०१७मध्ये पोकरला जुगार ठरवलं. म्हणजे तोच खेळ कोलकात्यात कौशल्य आणि अहमदाबादेत जुगार. नव्या केंद्रीय कायद्याने ऑनलाइनपुरता हा वाद बाजूला सारला. प्रश्न आता कौशल्याचा नाही, पैसे लावले की नाही एवढाच आहे.

कायद्याला कंपन्यांनी वेगवेगळ्या उच्च न्यायालयांत आव्हान दिलं आणि सप्टेंबर २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या याचिका स्वतःकडे वर्ग करून घेतल्या.

पोकर आणि तीन पत्तीत फरक काय?

घाटकोपर-मुलुंडच्या अनेक गुजराती घरांत जन्माष्टमीला पत्त्यांचे डाव रंगतात, दिवाळीत तीन पत्ती असतेच. पोकर म्हणजे त्याचाच मोठा भाऊ, असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे.

'टेक्सास होल्डेम' या सर्वाधिक खेळल्या जाणाऱ्या प्रकारात प्रत्येकाला दोन पानं मिळतात आणि टेबलावर टप्प्याटप्प्याने पाच पानं उघडली जातात. ती सगळ्यांची सामायिक. प्रत्येक टप्प्यावर पैसे लावायचे, वाढवायचे की पानं टाकायची, हा निर्णय असतो.

उदाहरण घ्या. तुमच्याकडे इस्पिकची दोन पानं आहेत, टेबलावरच्या चार पानांत आणखी दोन इस्पिक आहेत. शेवटचं पान इस्पिक आलं तर तुमचा फ्लश होतो. न दिसलेली पानं ४६, त्यात इस्पिक ९. म्हणजे शक्यता साधारण २० टक्के. टेबलावर ३०० रुपये आहेत आणि समोरच्याने २०० लावले. तुम्हाला ५०० मिळवण्यासाठी २०० घालायचे आहेत. हा सौदा फायद्याचा ठरायला किमान २९ टक्के शक्यता हवी. तुमच्याकडे २० आहे. फक्त याच आकड्यांवर ठरवायचं असेल, तर पानं टाकावीत. हजारो वेळा असे निर्णय बरोबर घेणारा खेळाडू चुकीचे घेणाऱ्याकडून हळूहळू पैसे काढतो. कौशल्य ते हेच, आणि ते खरं आहे.

पण 'हळूहळू' हा शब्द लक्षात ठेवा. हातात दोन एक्के येण्याची शक्यता २२१ डावांत एकदा. समोर दोन राजे असले आणि दोघांनी सगळे पैसे लावले, तरी एक्केवाला १०० पैकी साधारण १८ वेळा हरतो. निर्णय बरोबर, तरी पैसे गेले. पोकरच्या भाषेत याला व्हेरियन्स म्हणतात.

महिन्याला किती कमाई? एक हिशेब

समजा, बोरिवलीत राहणारा २६ वर्षांचा अभियंता ५-१० रुपयांच्या टेबलावर खेळतो. म्हणजे मोठा ब्लाइंड १० रुपये आणि टेबलावर बसायला १,००० रुपये. तो एका वेळी चार टेबलं लावतो आणि तासाला सुमारे ३०० डाव खेळतो. दिवसाला आठ तास, महिन्याला २५ दिवस. एकूण ६० हजार डाव.

तो चांगला खेळाडू आहे असं धरू. कंपनीचा रेक, म्हणजे प्रत्येक पॉटमधून कापला जाणारा वाटा, जाऊन तो दर १०० डावांमागे ५ मोठे ब्लाइंड, म्हणजे ५० रुपये कमावतो. महिन्याचे झाले ३० हजार. तासाला १५० रुपये.

आता चढउतार. सहा जणांच्या टेबलावर १०० डावांमागे साधारण ९० ब्लाइंडचा चढउतार धरला, तर ६० हजार डावांत तो सुमारे २२ हजार रुपये होतो. म्हणजे तीनपैकी दोन महिने कमाई ८ हजार ते ५२ हजारांच्या मध्ये कुठेही. उरलेला एक महिना त्याच्याही बाहेर. वर्षातून साधारण एक महिना थेट तोटा, चांगलं खेळूनही.

हाच खेळाडू थोडा कमी कुशल असेल आणि ५ऐवजी २ ब्लाइंड कमावत असेल, तर सरासरी १२ हजारांवर येते आणि दर तीन-चार महिन्यांत एक महिना तोट्याचा ठरतो. भाडं, वीजबिल, आईच्या औषधांचा खर्च मात्र दर महिन्याला ठरलेला असतो.

या हिशेबाची सगळ्यात धोकादायक बाजू वेगळीच आहे. कायम हरणारा, म्हणजे दर १०० डावांमागे २ ब्लाइंड गमावणारा खेळाडूही पहिल्या १० हजार डावांनंतर नफ्यात असण्याची शक्यता ४० टक्क्यांच्या आसपास असते. १० हजार डाव म्हणजे चार टेबलांवर जेमतेम ३३ तास. एका आठवड्याच्या सुट्टीत हे होऊन जातं. 'मला जमतंय' असं वाटून राजीनामा देणाऱ्यांपैकी किती जण प्रत्यक्षात हरणारे होते, हे त्यांना स्वतःलाही बऱ्याच उशिरा कळतं.

कर गेल्यावर हातात काय उरायचं?

१ एप्रिल २०२३पासून ऑनलाइन खेळांतल्या निव्वळ जिंकलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के आयकर लागू झाला. त्याला उत्पन्नाचे टप्पे नाहीत. क्लासची फी, सॉफ्टवेअर, इंटरनेट असा कोणताही खर्च वजा होत नाही. यंदाचा तोटा पुढच्या वर्षीच्या नफ्यातून वळता करता येत नाही.

वरच्या उदाहरणातला खेळाडू वर्षाला ३ लाख ६० हजार कमावतो. त्यावर १ लाख ८ हजार कर, सेस वेगळा. हातात महिन्याला सुमारे २१ हजार. तेवढाच पगार घेणाऱ्या नोकरदाराला आयकर शून्य.

त्यात १ ऑक्टोबर २०२३पासून जीएसटी बदलला. आधी तो फक्त कंपनीच्या फीवर १८ टक्के होता. नंतर जमा केलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के झाला. १०० रुपये भरले, तर खेळायला सुमारे ७८. काही काळ कंपन्यांनी बोनस देऊन हा फटका स्वतःवर घेतला, पण तो पैसा कुठून तरी यायलाच हवा. सप्टेंबर २०२५मध्ये हा दर ४० टक्के झाला, तोपर्यंत टेबलंच बंद झाली होती.

मग मोठे झालेले खेळाडू दिसतात ते कसे?

ते खरे आहेत. लास वेगासच्या वर्ल्ड सीरिज ऑफ पोकरमध्ये निकिता लूथरने २०१८मध्ये जोडीच्या स्पर्धेत ब्रेसलेट जिंकलं. २०२४मध्ये संतोष सुवर्णाने सुमारे ५४ लाख डॉलरचं बक्षीस घेतलं. पण त्या स्पर्धेची प्रवेश फीच अडीच लाख डॉलर, म्हणजे दोन कोटी रुपयांहून अधिक होती, हे रीलमध्ये सांगितलं जात नाही.

स्वतःचे पैसे नसलेल्यांसाठी 'स्टेकिंग' असतं. कुणीतरी भांडवल देतो आणि नफ्यात वाटा घेतो. तोटा झाला तर आधी तो भरून निघेपर्यंत खेळाडूला काही मिळत नाही. याला 'मेकअप' म्हणतात. सहा महिने खेळून हातात शून्य आणि डोक्यावर मेकअप, अशी अवस्था यात नवीन नाही. खेळच बंद झाल्यावर हा मेकअप फेडायचा कसा, यावर लेखी करार क्वचितच असतात.

आणखी एक अडचण म्हणजे समोर बसलेला माणूसच असेल याची खात्री नाही. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या 'लिब्रॅटस' या प्रोग्रॅमने जानेवारी २०१७मध्ये चार अव्वल खेळाडूंना १ लाख २० हजार डावांत हरवलं. २०१९मध्ये 'प्लुरिबस'ने सहा जणांच्या टेबलावरही ते करून दाखवलं. आज योग्य चाल सुचवणारी सॉफ्टवेअर साध्या लॅपटॉपवर चालतात. सगळे शिकले की कमकुवत खेळाडू कमी होतात, आणि चांगल्या खेळाडूची कमाई तर कमकुवत खेळाडूंमुळेच असते.

या धंद्याचं मुंबईशी नातं काय?

बरंच. मांडवी नदीतली कॅसिनो जहाजं चालवणारी डेल्टा कॉर्प मुंबईची, आणि 'अड्डा ५२' ही पोकर साइटही तिच्या छत्राखाली होती. मुंबईच्याच नझारा टेक्नॉलॉजीजने २०२४मध्ये 'पोकरबाझी'च्या मूळ कंपनीतला ४७.७ टक्के हिस्सा सुमारे ८३२ कोटींना घ्यायचं जाहीर केलं. शाहिद कपूर पोकरबाझीचा चेहरा होता. वर्षभराच्या आत कायदा आला, पैशांची टेबलं बंद झाली आणि नझाराचा शेअर घसरला.

कंपन्यांकडे वकील होते, दुसरे व्यवसाय होते. टेबलावरच्या खेळाडूकडे ना भविष्य निर्वाह निधी होता, ना नोटीस पिरियड.

असं आधीही घडलं आहे. १५ एप्रिल २०११ रोजी अमेरिकी सरकारने तिथल्या तीन मोठ्या पोकर साइटवर कारवाई केली. अनेक खेळाडू सामान बांधून कॅनडा-मेक्सिकोला गेले. 'फुल टिल्ट' साइटवर अडकलेले पैसे परत मिळायला सुरुवात झाली ती थेट २०१४मध्ये.

परदेशी साइटवर खेळलं तर?

इथेच सध्या सर्वाधिक फसगत आहे. भारताबाहेरून चालवून भारतात दिली जाणारी सेवाही या कायद्याच्या कक्षेत येते. खेळणाऱ्याला शिक्षा नाही हे खरं, पण पैसे आत-बाहेर कसे करणार? बँक आणि पेमेंट कंपन्यांना असे व्यवहार करायला मनाई आहे. मग एजंट येतो, भाड्याची बँक खाती येतात, क्रिप्टो येतं. त्या खात्यांवर सायबर फसवणुकीचा पैसाही फिरत असतो. तुमच्या खात्यात आलेले जिंकलेले २० हजार हे दुसऱ्या कुणाच्या लुटलेल्या पैशातले निघाले, तर तुमचंही खातं गोठवलं जाऊ शकतं. साइटने पैसे बुडवले तर तक्रार घेऊन जायला तिचं इथे कार्यालयही नसतं.

दुसरा धोका रेफरल कोडचा. खेळाडू गुन्हेगार नाही, पण परदेशी साइटची लिंक टेलिग्रामवर टाकून कमिशन घेणारा जाहिरातीच्या कलमात येऊ शकतो. 'कोचिंग'च्या नावाखाली साइटवर मुलं नेणाऱ्यांनीही हे वाचून घ्यावं.

आणि गोवा?

नवा कायदा ऑनलाइन खेळांपुरता आहे. गोव्याच्या परवानाधारक कॅसिनोत समोरासमोर पोकर कायदेशीर आहे. महाराष्ट्रात तो मार्ग नाही. १९७६चा कॅसिनो कायदा कधी अमलातच आला नाही आणि २०२३मध्ये राज्याने तो रद्द करायचं ठरवलं.

पण गोव्यात वर मांडलेलं गणित बदलतं. प्रत्यक्ष टेबलावर तासाला ३० डाव झाले तरी खूप. ऑनलाइन एका महिन्यात होणारे ६० हजार डाव इथे २,००० तास घेतात. रोज आठ तासांप्रमाणे २५० दिवस. म्हणजे नशिबाचा चढउतार सपाट व्हायला ऑनलाइन जो महिना लागतो, त्याला इथे वर्ष लागतं. त्यावर प्रवास, खोली आणि जेवण. टेबलं मोठ्या रकमांची असतात, त्यामुळे भांडवलही जास्त हवं. सुट्टीत खेळणं वेगळं, त्यावर घर चालवणं वेगळं.

ज्यांची दोन-तीन वर्षं यात गेली त्यांनी काय करावं?

पहिलं, कर. कंपन्यांनी कापलेला टीडीएस तुमच्या पॅनवर दिसतो. आयकर पोर्टलवरचं एआयएस उघडून पाहा. रिटर्नमध्ये ते उत्पन्न दाखवलं नसेल, तर जादा कर भरून अपडेटेड रिटर्न भरता येतं. नोटीस येण्याआधी सीएला भेटणं स्वस्त पडतं.

दुसरं, हिशेब. सगळ्या खात्यांची एकूण जमा आणि एकूण काढलेली रक्कम एका शीटवर लिहा. आठवणीतला नफा आणि बँकेतला नफा यात बहुतेकांच्या बाबतीत अंतर असतं.

तिसरं, सीव्ही. ती वर्षं कोरी सोडू नका आणि खोटी नोकरीही लिहू नका. लाखो डावांचा डेटा अभ्यासला असेल, एक्सेल किंवा पायथनवर काम केलं असेल, जोखीम मोजायची सवय असेल, तर डेटा अ‍ॅनालिटिक्स, विमा, क्रेडिट रिस्क या क्षेत्रांत ते सांगता येतं. मात्र सोबत दाखवण्यासारखं एखादं काम हवं. तिथून थेट ऑप्शन्स ट्रेडिंगकडे वळण्याचा मोह टाळा. तोच खेळ, फक्त टेबल मोठं.

चौथं, कर्ज. गमावलेले पैसे परत मिळवण्यासाठी लोन अ‍ॅप किंवा क्रेडिट कार्ड वापरत असाल, तर तो व्यवसाय राहिलेला नाही. घरात एकाला तरी खरा आकडा सांगा. झोप उडाली असेल, टोकाचे विचार येत असतील तर 'टेली-मानस'च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करा. ऑनलाइन फसवणूक झाली असेल तर १९३०.

घरच्यांसाठीही एक गोष्ट. 'जुगारी' म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण यातले अनेक जण रोज आठ तास बसून गणित करत होते आणि सरकारला करही भरत होते. त्यांचं चुकलं ते जोखमीच्या हिशेबात. म्हणून 'काय रे, किती घालवलेस?' याऐवजी 'बस, दोघं मिळून हिशेब मांडू' असं म्हटलं, तर खरा आकडा लवकर बाहेर येतो.